देवगाव फाटा ते चुडावा: परभणीत लिनक्स आणलं तेव्हा

देवगाव फाट्याला जायचं मी ठरवलं ते भाऊसाहेबांच्या खोलीतून बाहेर पडताना, दाराच्या चौकटीतच. भाऊसाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे सचिव. परभणीत त्यांचं एक महिला महाविद्यालय होतं आणि मी तिथं गणित शिकवायचे. साल १९९४. विद्यापीठाचं नामांतर नुकतंच झालं होतं, गावोगाव त्याचीच चर्चा होती, आणि आमच्या कॉलेजात मात्र भांडण चाललं होतं दोन संगणकांवरून.

आदल्या वर्षी बी.एस्सी.ला संगणकशास्त्र हा विषय सुरू केला होता. मुली मोजक्याच, पण हट्टी. दुसऱ्या वर्षाला युनिक्स, म्हणजे संगणक चालवणारी एक सिस्टिम, आणि प्रोग्रॅम लिहायची सी भाषा होती. विद्यापीठाची समिती येणार, मशीनवर युनिक्स चालताना बघणार, मगच पुढची परवानगी देणार, असा नियम. युनिक्स विकणाऱ्या कंपनीनं पाठवलेलं दरपत्रक भाऊसाहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली पडलेलं होतं.

"म्याडम, एवढ्यात दोन वर्गखोल्या उभ्या राहतील," भाऊसाहेब म्हणाले. "ऑफिसात एक मशीन आहेच, ही दोनही तिथंच आणा. फीच्या पावत्या काढू. मुलींना टायपिंग शिकवा."

"त्यांनी एक वर्ष केलंय हा विषय. आता मधेच सोडायचा?"

"साध्या विषयात करतील बी.एस्सी. नाहीतरी पुढं लग्नंच व्हायची."

"युनिक्ससारखी सिस्टिम मी फुकट आणली तर?"

ते हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाला हसतात तसे हसले. मला त्याचाच जास्त राग आला. "कुठून आणता? परभणीत? आणा की. समिती पुढच्या आठवड्यात आहे."

म्हणून चौकटीतच ठरवलं.

फुकटच्या सिस्टिमची बातमी मला माधवनं दिली होती. माधव माझा एम.एस्सी.चा वर्गमित्र, हैदराबादला एका संशोधन संस्थेत नोकरीला. तिथं परदेशातल्या संगणकांशी जोडणारी तार होती. त्यानं त्या तारेवरून लिनक्स नावाची सिस्टिम थोडी थोडी करत उतरवून घेतली होती. इंटरनेट हा शब्द तेव्हा परभणीत मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यामुळं 'नेट नसताना लिनक्स कसं बसवायचं' हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही. प्रश्न एवढाच होता की ते आणायचं कुठून आणि कसं. आणि माधव त्याच आठवड्यात बहिणीच्या लग्नाला गावी येणार होता. त्याचं गाव देवगाव फाट्यापासून थोडं आत.

निघायच्या आधी मी एक काम केलं, आणि असा उद्योग आजही कुणाला करायचा असेल तर तेच आधी करावं असं सांगेन. कॉलेजात जाऊन मशीनचं झाकण उघडलं. हार्ड डिस्क केवढी, मेमरी किती, आतली कार्डं कोणती, सगळं डोळ्यांनी पाहून घेतलं. तिथं गेल्यावर माधवनं विचारलं आणि मला सांगता आलं नाही तर परत येऊन बघायची सोय नव्हती.

आमचे हे तेव्हा बीडला नोकरीला होते. घरी मी आणि सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि घरात बसून हैराण झाल्या होत्या.

"एकटी जायलीस का?" त्यांनी विचारलं.

"संध्याकाळपर्यंत परत येते."

"भर उन्हाळ्यात परक्याच्या लग्नात एकटी बाई गेली की लोक इचारतेत. दोघी गेल्या की जेवायला बसवतेत. मी येते."

त्यांनी फराळाचा मोठा स्टीलचा डबा घासून, पुसून, उन्हात वाळवून घेतला. आत जुन्या सुती साडीच्या घड्या घातल्या. फ्लॉपीला ऊन, धूळ आणि ओल तिन्ही चालत नाहीत, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. ज्यांनी फ्लॉपी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी सांगते: तळहातात मावणारी चौकोनी प्लास्टिकची पातळ डबी, आत एक चकती. आज मोबाईलवर काढलेला एक फोटोसुद्धा तिच्यात बसणार नाही. अशा डब्यांचा ढीग मिळून एक सिस्टिम.

सकाळच्या पहिल्या जिंतूर गाडीनं निघालो. झरी, बोरी करत गाडी जाते. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, मधेच एखादं कडुलिंबाचं झाड, त्याच्या सावलीला दाटीवाटीनं उभी गुरं. या रस्त्यावर उन्हाळ्यात प्रवास करणाऱ्यांनी डावी-उजवी बाजू बघून जागा धरावी, नाहीतर अर्धं अंग भाजून निघतं. जिंतूरला जालन्याकडं जाणारी गाडी मिळाली आणि फाट्यावर उतरलो तेव्हा डांबर चपलेला चिकटायला लागलं होतं.

देवगाव फाटा म्हणजे तेव्हा चार हॉटेलं, एक पंक्चरवाला, आणि कुठल्यातरी गाडीची वाट बघणारी माणसं. भजी मात्र चांगली. हिरव्या मिरच्या मिठात तळून बाजूला देतात. आत्याबाईंनी हॉटेलवाल्याला विचारलं, "लग्नाचं गाव कोणीकडं?"

"आज कोणचं गाव बिनलग्नाचं हाय, मावशी? ती जीप बगा, वऱ्हाडाचीच हाय."

त्या जीपमध्ये वऱ्हाडी, बँडवाल्यांचा ढोल आणि आम्ही असे बसून गेलो. ढोलाशेजारी दोन मोठे कर्णे होते. कर्ण्यात लोहचुंबक असतो आणि चुंबकानं फ्लॉपीतलं पुसलं जातं, हे मी आत्याबाईंना जाताना कानात सांगितलं. येताना त्या जीपकडं त्या फिरकल्यासुद्धा नाहीत.

माधव मांडवात धोतर-उपरण्यात, घामानं निथळत, पाहुण्यांना हात जोडत उभा होता. मला बघून त्याला खरंच आनंद झाला. "विद्या, तू येशील असं वाटलं नव्हतं." अक्षता पडल्या, पंगती बसल्या. बुंदी, पुरी, वांग्याची भाजी, वरणभात. आत्याबाईंचं म्हणणं खरं ठरलं, आम्हाला कुणी कोण कुठल्या विचारलं नाही, वाढतच राहिले.

मग माधवनं आम्हाला माळवदाखालच्या थंड खोलीत नेलं. कोपऱ्यात ज्वारीच्या पोत्यांवर एक खोकं. त्यात फ्लॉप्या.

"मशीन सांग," तो म्हणाला. मी सांगितलं. त्यानं मान डोलावली. "बसेल. कसंबसं बसेल. आता नीट ऐक. गावात संगणक नाही, त्यामुळं इथं एकही तपासता येणार नाही. या दोन सुरुवातीच्या. या मूळ सिस्टिमच्या. आणि या कंपायलरच्या, त्याशिवाय सी भाषेतलं काही चालणार नाही. यातली एक जरी खराब निघाली तरी पुढची उपयोगाची नाही."

"दुसरी प्रत?"

"दोनच संच करून आणलेत. एक तुझा. दुसरा चुडाव्याच्या मुकुंदचा. तो नांदेडला शिकवतो. त्याच्या वडिलांकडं काल घरी ठेवून आलो. मी उद्या पहाटेच हैदराबादला निघतोय."

मग तो पोत्यावर बसला आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या मला तोंडी सांगायला लागला. डिस्कचे भाग कसे पाडायचे, कुठल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, कुठं घाई करायची नाही. बाहेरून त्याला तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा त्याची आई दारात येऊन म्हणाली, "बहीण निघायली सासरला आन् हा पोत्यावर बसून शाळा घ्यायलाय." मी त्याला उठवलं. उरलेलं आपल्याला जमेल, असं तोंडानं म्हणाले.

परतताना सेलूमार्गे आलो, कारण सेलूहून परभणीला रेल्वे मिळते आणि डब्याला धक्के कमी बसतात. स्टेशनवर बंदोबस्त होता. नामांतरामुळं त्या वर्षी बंदोबस्ताचं कुणाला नवल वाटत नव्हतं. एका शिपायानं आत्याबाईंच्या मांडीवरच्या डब्याकडं काठी केली.

"काय हाय यात?"

"उघडून बगा," आत्याबाई म्हणाल्या. "पण हात लावू नका. घामाचा हात हाय तुमचा."

त्यानं झाकण उघडून पाहिलं. "कॅसेटी हायत का? कुणाचं भाषण हाय?"

"भाषण नाही," मी म्हणाले. "गणित आहे. कॉलेजचं."

त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा आत्याबाईंकडं पाहिलं. शाळामास्तरणीला ओळखायला शिपायाला वेळ लागत नाही. त्यानं झाकण स्वतःच नीट लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेज उघडलं. सुट्टी असली तरी सुजाता आली होती. सुजाता आमच्या वर्गातली मुलगी. तिच्या घरात कॉलेजात पोचलेली ती पहिलीच. वडील रेल्वेच्या रुळांवर काम करायचे. अभ्यास सोडून ती फारसं बोलायची नाही, पण एखादी गोष्ट मिळणार नाही असं कुणी म्हटलं की तिचा जबडा आवळलेला मला दिसायचा.

वीज दुपारी जायची. त्याच्या आत काम उरकायचं होतं. पहिली फ्लॉपी घातली. पडद्यावर इंग्रजी ओळी सरसर वर जाऊ लागल्या. मशीनवर जे आधी होतं ते सगळं पुसायला मी होकार दिला तेव्हा सुजातानं विचारलं, "म्याडम, हे चाललं नाही तर जुनं परत येईल का?"

"नाही."

"मग चालवावंच लागंल," ती म्हणाली.

एकेक फ्लॉपी मशीन मागायचं, आम्ही द्यायचो. आतून घर्र, खट्ट, घर्र असा आवाज. मूळ सिस्टिम बसली. मशीन बंद करून परत सुरू केलं तर पडद्यावर नाव विचारणारी एक ओळ आली आणि पुढं पांढरा ठोकळा लुकलुकत थांबला. आम्ही दोघी त्याच्याकडं बघत राहिलो. परभणीत तो ठोकळा त्याआधी कुणी पाहिला असेल असं मला वाटत नाही.

मग कंपायलर. पहिली फ्लॉपी गेली. दुसरी घातली आणि आवाज बदलला. खट्ट, खट्ट, खट्ट. पडद्यावर चूक. काढून, फुंकर मारून परत घातली. तीच चूक. सुती कापडानं पुसली, दुसऱ्या मशीनमध्ये घालून पाहिली. तीच. कंपायलरचा अर्धा भाग त्या एका डबीत होता आणि ती डबी मेली होती. सिस्टिम होती, पण तिच्यावर सी भाषेतला एकही प्रोग्रॅम चालणार नव्हता. समितीला नेमकं तेच बघायचं होतं.

तेवढ्यात भाऊसाहेब दारावरून गेले. आत डोकावले. "काय म्हणतंय फुकटचं?"

"येतंय," मी म्हणाले. "एक तुकडा चुडाव्याला राहिलाय."

घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. त्या भाजी चिरत होत्या. विळी आडवी करून उठल्या. "उद्याची पॅसेंजर धरू."

पूर्णा-नांदेडकडं जाणाऱ्या पॅसेंजरनं पिंगळी, मिरखेल, पूर्णा आणि मग चुडावा. पिंगळीला गाडी बराच वेळ का थांबली होती कुणास ठाऊक. खिडकीतून एक माणूस काकड्या विकत होता, मीठ-तिखट लावून. त्या घ्याव्यात. पूर्णा मोठं जंक्शन, तिथं पाण्याच्या बाटल्या भरून घ्याव्यात, पुढं भरवसा नाही. चुडाव्याला उतरणारे आम्ही धरून पाच-सहा जण. स्टेशनातून गावात चालत जायचं. ऊन डोक्यावर आणि आत्याबाई माझ्यापुढं.

मुकुंदचे वडील माणिकराव ओसरीत बसले होते. उंच, सडसडीत, पांढऱ्या मिशा. चांगली शेती असलेला माणूस, बोलणं तोलून मापून. पाणी दिलं, गूळ दिला. मी काम सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "खोकं हाय. देवघरातल्या फडताळात ठिवलंय. पण ते मुकुंदाचं हाय. त्यानं सांगितलंय, कुणाला हात लावू द्यायचा न्हाई."

"मला त्यातली एकच डबी हवी आहे. वापरून परत आणून देते."

"त्यो आल्यावर घ्या की."

"तो कधी येईल?"

"पुढच्या आयतवारी."

"माझी समिती परवा आहे."

"मग मपला विलाज न्हाई, बाई."

मुकुंदला फोन करायचं ठरलं. गावातल्या पोस्टातून नांदेडला फोन लावला. त्याच्या शाळेला सुट्टी, शेजाऱ्यांचा नंबर लागेना. परत ओसरीत आलो. मला रडू यायचं बाकी होतं, पण आत्याबाई खांबाला टेकून ऐसपैस बसल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "आमी उठणार न्हाई. संध्याकाळची गाडी हाय, तवर बसू. तुमी जेवा, झोपा. आमाला काई घाई न्हाई."

माणिकराव जरा गोंधळले. घरात आलेल्या बाईला उठ म्हणता येईना. घरच्या मालकिणीनं आतून भाकरी, ठेचा आणि ताक आणून दिलं. आम्ही जेवलो. जेवताना ते माझ्याकडं बघून म्हणाले, "त्या डबीत हाय तरी काय? केवढ्याची हाय?"

"आतलं फुकट आहे."

"फुकट कोण देतंय?"

मी सांगितलं. जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिलंय, पगार न घेता. ज्याला हवं त्यानं उतरवून घ्यावं, वापरावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. एकच अट, पुढच्याला अडवायचं नाही.

त्यांनी ताकाचा तांब्या आमच्याकडं सरकवला. मग म्हणाले, "आमी बी चांगल्या जवारीचं बी मागंल त्याला देतो. पण दिलं तेवढं आपलं कमी होतंय."

"हे कमी होत नाही. तुमच्या डबीतलं मी माझ्या मशीनवर घेतलं तरी तुमचं जसंच्या तसं राहतं."

"आन् मुकुंदाला कामून न्हाई सांगितलं माधवनं, का तुमाला लागलं तर द्यावं?"

"कारण माझी खराब निघेल हे त्यालाही माहीत नव्हतं."

माणिकराव उठले, आत गेले. बाहेर आले तेव्हा अंगात स्वच्छ सदरा, डोक्यावर टोपी, आणि हातात रुमालात बांधलेलं खोकं. "मी येतो संगं," ते म्हणाले. "डबी मपल्या हातातच ऱ्हाईल. मशीनीत घालताना देईन, निघाली की परत घेईन. मुकुंदाला मी शब्द दिलाय. तुमालाबी न्हाई म्हणवत न्हाई."

असे आम्ही तिघं संध्याकाळच्या गाडीनं परभणीला आलो. गाडीत ते खोकं छातीशी धरून ताठ बसले होते. पूर्णेला एकानं विचारलं, "माणिकराव, काय घेऊन चाललाव?" ते म्हणाले, "मुकुंदाचा माल हाय." रात्री आमच्याकडं मुक्काम. खोकं उशाशी.

सकाळी कॉलेजात ते मशीनच्या शेजारी लोखंडी खुर्चीत बसले. मशीननं मागितली ती फ्लॉपी त्यांनी रुमालातून काढून सुजाताच्या हातात दिली. तिनं घातली. घर्र. घर्र. घर्र. मधे एकदा आवाज थांबला. मग परत घर्र. पुढची फ्लॉपी मागणारी ओळ आली.

"लागली का?" माणिकरावांनी विचारलं.

"लागली, आजोबा," सुजाता म्हणाली.

त्यांनी डबी परत घेतली, उलटून पालटून बघितली, वजन केल्यासारखी हातावर तोलली. "खरंच तेवढीच हाय," म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "म्याडम, तुमची खराब निघालेली डबी मला द्या, मुकुंदाला दाखवतो. आन् तुमचं बाकीचं सगळं ठीक हाय ना, मग आमच्यातलं बी उद्या एखादं खराब झालं तर मुकुंदाला तुमच्याकडं पाठवीन. आता दोन्ही घरात हाय म्हणायचं." दुपारच्या गाडीनं ते गेले. आत्याबाईंनी त्यांना दशम्या बांधून दिल्या.

समिती आली. तिघं जण, त्यातले अध्यक्ष वयस्क, बोलायला कोरडे. भाऊसाहेब हार-तुरे घेऊन पुढं. मी दुसरं मशीन तारेनं पहिल्याला जोडून ठेवलं होतं, म्हणजे दोन मुली एकाच सिस्टिमवर एकाच वेळी काम करताना दिसाव्यात. अध्यक्ष खुर्चीत बसले, दोन-चार आज्ञा देऊन पाहिल्या, भुवया वर गेल्या. समितीतले दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "खरेदीची पावती दाखवा."

"पावती नाही. हे विकत मिळत नाही."

"पावती नाही म्हणजे चोरीचं का?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत 'सांगितलं होतं ना' होतं. मी पुढं झाले आणि सिस्टिमसोबतच आलेला परवाना पडद्यावर उघडला. कुणालाही वापरण्याची, नक्कल करण्याची, वाटण्याची मोकळीक त्यात स्पष्ट लिहिलेली असते. "साहेब, चोरीचं काय ते तुम्हीच वाचून सांगा," मी म्हणाले. "यात कुणाला द्यायला मनाई केली तर तोच गुन्हा आहे." आवाज थोडा चढला असेल. मला त्याचं काही वाटलं नाही.

अध्यक्षांनी स्वतः वाचलं, हळूहळू, शेवटपर्यंत. मग म्हणाले, "ठीक. आता विद्यार्थिनींना सी येतं का बघू. कुणीतरी प्रोग्रॅम लिहा. काहीही छापून दाखवा."

सुजाता बसली. साधा प्रोग्रॅम, चार-पाच ओळींचा. बाकीच्या कुणी काय छापलं असतं, नमस्कार नाहीतर स्वतःचं नाव. तिनं विद्यापीठाचं नाव लिहिलं. नवं नाव, संपूर्ण, एकही शब्द न गाळता, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. मग ते नाव दहा वेळा छापणारी फिरकी घातली. कंपायलरनं क्षणभर विचार केला आणि काळ्या पडद्यावर ते नाव एकाखाली एक उभं राहिलं.

भाऊसाहेबांच्या संस्थेच्या कागदांवर तोवर जुनंच नाव छापून यायचं, कुणी विचारलं तर जुना साठा संपायचाय म्हणायचे. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "स्पेलिंग बरोबर आहे," ते म्हणाले. "परवानगी द्यायला हरकत नाही."

समिती गेल्यावर मी सुजाताला विचारलं, "आधीच ठरवलं होतंस?"

"ठरवायचं काय, म्याडम," ती म्हणाली. "काहीही छाप म्हणाले ना."

घरी आल्यावर आत्याबाईंनी चहा टाकला. शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांनी विचारलं, एवढ्या उन्हात दोनदा प्रवास करून त्या मशीनचा उपयोग तरी काय होणार. आत्याबाई म्हणाल्या, "ते मला मालूम न्हाई. न्हाई म्हणणाऱ्याला उत्तर मिळालं, एवढं मालूम हाय."

उपयोगाचं विचाराल तर हिशेब सरळ नाही. तो विषय काही वर्षं चालला आणि पुढं जागेचं कारण सांगून बंद झाला. सुजाता संगणकात गेली नाही, तिनं गणित धरलं आणि आता पूर्णेकडं एका शाळेत शिकवते. आज कुणी या वाटेनं गेलंच तर फाट्यावर थांबून भजी खावीत, पिंगळीला काकड्या मिळाल्या तर घ्याव्यात, आणि कामाची प्रत कायम दोन घरांत ठेवावी. यापलीकडं माझ्याकडं सल्ला नाही.

माझ्यापाशी राहिलं आहे ते समिती येऊन गेल्यावर चार दिवसांनी घडलेलं. भाऊसाहेबांनी मला बोलावून सांगितलं की अध्यक्षांनी संस्थेचं कौतुक केलंय, तर ते फुकटचं आपल्या ऑफिसातल्या मशीनवरही बसवून द्यावं. फीच्या पावत्यांना त्याचा काही उपयोग नव्हता. पण मागेल त्याला द्यायचं, हा नियम मी त्यांच्यासमोरच पडद्यावर उघडून दाखवला होता. मी म्हणाले, "मुली येऊन बसवतील. पण खुर्ची त्यांना लागेल."

कंपायलर वगळून मूळ सिस्टिमच्या फ्लॉप्यांचं खोकं घेऊन सुजाता गेली. ऑफिसात खुर्ची एकच होती, उंच पाठीची, गादीची, भाऊसाहेबांची. ती त्यात बसली, पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. मशीननं फ्लॉपी मागितली की ती पडद्यावरची नजर न हटवता हात मागं करायची, आणि भाऊसाहेब, शेजारी उभे राहून, खोक्यातून पुढची डबी काढून तिच्या हातात द्यायचे.